नॉर्वेची किनारी बोट: मार्च की मे?

बर्गन ते किर्केनेस आणि परत, १२ दिवस, ३४ बंदरं. १८९३पासून चालत आलेली ही बोटसेवा वसंतात घ्यायची असेल, तर आधी एक ठरवा: रात्री अंधार हवा की उजेड? दोन्ही एका फेरीत मिळत नाही.

उत्तरेचा प्रकाश, म्हणजे रात्रीच्या आकाशात दिसणारा ऑरोरा, बघायचा असेल तर मार्च गाठा. एप्रिलच्या मध्यानंतर उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या बाजूला आकाश पुरतं काळं होतच नाही, मग तो प्रकाश असला तरी दिसणार कसा? ढगांचा मात्र भरवसा नाही, हे गृहीत धरूनच जा. डेकवर रात्री कानटोपी, हातमोजे लागतातच.

मध्यरात्रीचा सूर्य हवा असेल, तर नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या नॉर्थ केपला तो साधारण १४ मेपासून मावळत नाही. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्टीतही हे बसतं. मला विचाराल तर मेचा मध्यच. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस. बंदरात उतरलात तर पारंपरिक पोशाखातली माणसं, बँड आणि झेंडे नाचवणारी पोरं दिसतील. त्याच सुमारास बर्गनजवळच्या हार्डांगर फ्योर्डच्या (डोंगरांत आत शिरलेल्या खाडीच्या) काठी सफरचंदाच्या बागा फुलतात आणि वर डोंगरावर बर्फ तसाच असतो. बोटीचा मार्ग तिथून जात नाही, म्हणून बर्गनला दोन दिवस जास्त ठेवा.

आणि नॉर्वेसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेसाठी तो जानेवारीतच उरका.