लांबून दिसणारी पांढरी कड: विमानतळाच्या जमिनीची टेक्स्चर्स दुरुस्त करताना

फ्लाइट सिम्युलेटरसाठी विमानतळाची सीनरी करायला बहुतेक जण इमारतींच्या ओढीने येतात आणि जमिनीपाशी अडकतात. एखादी इमारत बिघडली तर तेवढीच वाईट दिसते. जमीन बिघडली की अख्खा विमानतळ खोटा वाटतो, कारण वैमानिक उतरताना सगळा वेळ तिच्याकडेच बघत असतो. नवीन अ‍ॅप्रन (विमानं उभी करायची जागा) सिम्युलेटरमध्ये पहिल्यांदा उघडताना मला आजही धाकधूक होते. टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवलेलं चित्र), पॉलिगॉन (पृष्ठभागाचा तुकडा), यूव्ही (चित्र त्यावर कुठे बसेल ते ठरवणारे आकडे), अल्फा (पिक्सेल किती दिसतो त्याचा आकडा) या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरून थेट दुरुस्तीवर येतो.

‘टेक्स्चर गंडलंय’ एवढ्यावर थांबू नका. कॅमेरा हलवा आणि बिघाड जवळून दिसतो की लांबून, ते आधी बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

जमीन काळी किंवा कोरी दिसत असेल तर बहुधा फाइलच सापडलेली नाही. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये लॉग.टीएक्सटी उघडा, न सापडलेल्या फाइलची तक्रार तिथे दिसेल. तुम्ही पीएनजी बदलताय आणि पडद्यावर ढिम्म फरक पडत नाही, असं असेल तर शेजारी त्याच नावाची जुनी डीडीएस (ग्राफिक्स कार्डसाठीच्या चित्रप्रकाराची) फाइल पडली आहे का बघा. दोन्ही असल्या की एक्स-प्लेन डीडीएस उचलतं. एफएसएक्स म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये मोठं टेक्स्चर उगाच धूसर दिसत असेल तर कॉन्फिग फाइलमधला टेक्स्चर मॅक्स लोडचा आकडा तपासा. तो मुळात 1024 असतो. तुमचं 4096 चं चित्र निर्दोष असलं तरी तिथे लहान करूनच वापरलं जातं.

जमीन लुकलुकत असेल तर त्याची दोन कारणं असतात आणि नवखे ती हमखास एकमेकांत मिसळतात. एकाच उंचीवर दोन पृष्ठभाग असले की कुठला वर हे ग्राफिक्स कार्डला ठरवता येत नाही. मग कॅमेरा हलला की मोठमोठे पट्टे उड्या मारतात. टेक्स्चरला मिपमॅप (लांबून दाखवायच्या लहान प्रती) नसले तर मात्र लांबवर बारीक कण चमचमतात. खालचा थर तात्पुरता काढून बघा. लुकलुक थांबली तर भांडण थरांचं आहे. ते एक्स-प्लेनमध्ये लेयर ग्रुप (कुठला थर कुणाच्या वर काढायचा तो क्रम) नीट देऊन सुटतं. पॉलिगॉन दोन-चार सेंटिमीटर वर उचलायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. ऐकू नका. जवळून सगळं ठीक दिसेल आणि अ‍ॅप्रोचवर, म्हणजे उतरायला येताना, लांबून लुकलुक परत येईल.

आता ज्या सापळ्याने मला सगळ्यात जास्त रडवलं, त्याबद्दल सविस्तर सांगतो. टॅक्सीवेची (धावपट्टीकडे ये-जा करायच्या विमानांच्या रस्त्याची) पिवळी मध्यरेषा जवळून स्वच्छ, धारदार. थोडं लांब गेलं की तिच्या दोन्ही कडांना पांढुरकी झालर. टायरच्या रबराचे काळे डाग लांबून राखाडी, भुकटी सांडल्यासारखे. मी थर तपासत बसलो, प्रकाशाच्या सेटिंग बदलत बसलो. दोष त्यातल्या कशातच नव्हता. तो होता पारदर्शक पिक्सेलांच्या रंगात.

पारदर्शक पिक्सेललाही रंग असतो. अल्फा शून्य म्हणजे तो दिसत नाही इतकंच. लाल, हिरव्या, निळ्याचे आकडे फाइलमध्ये असतातच. पीएनजी लिहिताना काही सॉफ्टवेअर ते आकडे परस्पर पांढरे किंवा काळे करून टाकतात. जवळून बघताना हे जवळजवळ कळतच नाही. पण मिपमॅप म्हणजे त्याच चित्राच्या निम्म्या-निम्म्या होत गेलेल्या प्रती: 2048, 1024, 512 असं करत 1 पिक्सेलपर्यंत एकूण 12. दर प्रतीतला एक पिक्सेल म्हणजे आधीच्या प्रतीतल्या चार पिक्सेलांची सरासरी. रेषेच्या कडेवर दोन पिक्सेल पिवळे आणि दोन अदृश्य पांढरे असतील, तर पुढच्या प्रतीत फिकट पिवळा, अर्धपारदर्शक पिक्सेल तयार होतो. अदृश्य पांढरा तिथे दृश्य झाला. काळ्या डांबरावर तो झालर म्हणून उठून दिसतो.

आकड्यांत बघा. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट 14 नुसार टॅक्सीवेची मध्यरेषा किमान 15 सेंटिमीटर रुंद असते. 2048 चं टेक्स्चर 20 मीटरवर पसरलं तर एक पिक्सेल साधारण एक सेंटिमीटरचा, म्हणजे रेषा 15 पिक्सेलांची. चार पायऱ्या खाली, 128 च्या प्रतीत, एक पिक्सेल मूळच्या 16 पिक्सेलांएवढा होतो. तिथे पूर्ण रेषा एका पिक्सेलातही भरत नाही, उरलेला रंग शेजाऱ्यांकडून येतो. म्हणून शेजाऱ्यांचा रंग काय आहे याला एवढं महत्त्व आहे.

खात्री करायची युक्ती सोपी आहे. पारदर्शक भागाचा रंग भडक गुलाबी करा, अल्फाला हात लावू नका, मिपमॅप नव्याने बनवा. लांबून कडा गुलाबी दिसल्या तर रोग हाच. नाही दिसल्या तर कारण दुसरीकडे शोधा, इथे वेळ घालवू नका.

उपाय असा: रंग आणि आकार वेगळे ठेवा. पूर्ण चित्र पिवळं भरा आणि रेषेचा आकार फक्त अल्फात काढा. एकाच चित्रात अनेक रंगांच्या खुणा असतील तर प्रत्येक रंग त्याच्या कडेबाहेर निदान 16 पिक्सेल पसरवा. त्याने पहिल्या चार पायऱ्या सांभाळल्या जातात. गिंप या चित्र-संपादकात पीएनजी काढताना पारदर्शक पिक्सेलांचे रंग जपण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. आणि अल्फा असलेलं चित्र डीएक्सटी1 या डीडीएसच्या दाबून ठेवायच्या प्रकारात कधीच देऊ नका. त्यात पिक्सेल एक तर पूर्ण दिसतो, नाही तर पूर्ण पारदर्शक. वर तो पारदर्शक पिक्सेल काळाच धरला जातो. तुम्ही निगुतीने पसरवलेला रंग तिथे वाया जातो आणि कडा काळवंडतात. डीएक्सटी5 ला दुप्पट जागा लागते, 2048 च्या चित्राला 2 ऐवजी 4 एमबी. ती खुशाल द्या.

हे वाचून घाबरू नका. एकदा कळलं की हा दोष बघताक्षणी ओळखू येतो आणि दुरुस्ती काही मिनिटांची असते.

दोष 4096 वर जाऊन झाकणं मला मान्य नाही. झालर एक पायरी लांब सरकते, जात नाही, आणि लागणारी मेमरी चौपट होते. हवाई छायाचित्र फिल्टर मारून धारदार करणंही तसंच: एका स्थिर स्क्रीनशॉटमध्ये छान, उडताना सगळी जमीन चमचमते. आणि रेषा त्या छायाचित्रातच ठेवून भागवू नका. 200 मीटरवर पसरलेल्या 2048 च्या चित्रात ती रेषा जेमतेम दीड पिक्सेलांची उरते.

मदत मागाल तेव्हा तुमची फाइल घेऊन दुरुस्त करून परत देणाऱ्यापेक्षा ‘किती लांबून दिसतं?’ असं विचारणारा माणूस शोधा. पहिल्याने तुमचा एक विमानतळ सुटेल, पण पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा तिथेच उभे असाल. विचारताना एकाच जागेचे जवळून आणि लांबून असे दोन स्क्रीनशॉट द्या, डीडीएस कुठल्या प्रकारची आहे ते लिहा, आणि अल्फा वेगळा काढून त्याचंही चित्र जोडा. पारदर्शक भागात कुठला रंग आहे, हे मात्र स्वतः बघून मगच विचारा.