हवामानबदलामुळे वनस्पतींमधील संकर वाढतो आहे का, हे कसे तपासावे

जवळच्या नात्यातील दोन वनस्पती शेजारी वाढत असूनही वेगळ्या राहतात, कारण त्यांच्यामध्ये फुलण्याचा काळ, वाढीची जागा, परागीभवन करणारे कीटक, परके परागकण नाकारणारी कुक्षी (फुलातील परागकण स्वीकारणारा भाग) आणि संकरित संततीचे वंध्यत्व असे अनेक अडसर असतात. हवामानबदलाचा थेट परिणाम यांपैकी मुख्यतः पहिल्या तिन्हींवर होतो. म्हणून एखादे संकरित रोप सापडले की लगेच तापमानवाढीकडे बोट न दाखवता, नेमका कोणता अडसर ढिला झाला, हे आधी शोधावे.

सुरुवात फुलोऱ्यापासून करावी. केवळ पहिल्या फुलाची तारीख पुरेशी नसते. ती झाडांच्या संख्येवर आणि निरीक्षकाच्या चिकाटीवरही अवलंबून असते. ठरावीक झाडांना खुणेच्या पट्ट्या बांधून दर आठवड्याला उमललेली फुले मोजावीत आणि दोन्ही जातींचे बहर किती दिवस एकमेकांवर येतात, हे काढावे. एक जात तापमानानुसार आणि दुसरी दिवसाच्या लांबीनुसार फुलत असेल, तर उबदार वर्षी पहिलीच लवकर फुलते. त्यामुळे दोघींचे बहर जवळ येतात किंवा उलट दूरही जातात. तापमानवाढीने संकर घटूही शकतो, ही शक्यता अभ्यासकांच्या नजरेतून बरेचदा निसटते. पूर्वीच्या काळाशी तुलना करण्यासाठी वाळवून जतन केलेल्या जुन्या नमुन्यांवरील तारखा उपयोगी पडतात, मात्र संग्राहक ऐन बहरातच नमुने गोळा करतात, याचे भान ठेवावे.

जागेचा अडसर तपासण्यासाठी डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत ठरावीक उंचीच्या अंतराने चौकोन आखून दोन्ही जातींची झाडे मोजावीत. खालची जात वर सरकू लागली की आघाडीची झाडे विरळ असतात आणि त्यांच्या फुलांवर स्थानिक, बहुसंख्य जातीचे परागकण अधिक पडतात. संकरित रोपाच्या जवळपास त्याच्या दोन पालक जातींपैकी एक दिसत नाही म्हणून नोंद बाद करू नये. अमेरिकेतील युटाच्या उत्तर भागात गॅम्बेल ओक आणि टर्बिनेला ओक यांचे संकर आढळतात, पण टर्बिनेला ओकची आजची सीमा तेथून बरीच दक्षिणेला आहे. पूर्वीच्या उबदार काळात ती उत्तरेपर्यंत पोहोचली असावी, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

संकर ओळखताना एका लक्षणावर विसंबू नये, कारण संकरित रोप नेहमी दोघांच्या मधले दिसत नाही. कधी ते एका पालकासारखे, तर कधी दोघांपेक्षाही टोकाचे असते. पानाची कडा, लव, पाकळीची लांबी अशा अनेक लक्षणांना गुण देऊन त्यांची बेरीज करावी. उमलण्याच्या बेतातल्या कळीतील परागकोश काचपट्टीवर एसिटोकार्माइन या लाल रंगद्रावणाच्या थेंबात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास सशक्त परागकण टपोरे आणि लाल दिसतात, तर निकामी परागकण सुरकुतलेले आणि जवळपास रंगहीन राहतात. रंग धरलेला प्रत्येक कण रुजतोच असे नाही, त्यामुळे ही चाचणी केवळ सूचक आहे. खात्री डीएनए तपासणीनेच होते. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवकाचा (पेशीतील हिरव्या, अन्न तयार करणाऱ्या घटकाचा) डीएनए आईकडून येत असल्याने बीज कोणत्या जातीने धरले, तेही त्यातून कळते.

त्यानंतर इतर कारणे वगळावीत, आणि अभ्यासाचा खरा कस येथेच लागतो. नवा रस्ता, जंगलतोड किंवा चराई यांमुळे मोकळी झालेली जमीनही संकरित रोपांना आसरा देते. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी हे १९४८ मध्येच मांडले होते. म्हणून तापमान सारखेच वाढलेल्या, पण मानवी हस्तक्षेप नसलेल्या दुसऱ्या जागेवर हीच मोजणी अनेक वर्षे करावी.

शेवटी दोन्ही पालकांचे आणि संकराचे बी एकाच वाफ्यात, नेहमीच्या आणि कमी पाण्यावर वाढवून पाहावे. सूर्यफुलाच्या दोन जातींच्या संकरातून वाळूच्या टेकड्या आणि खारट दलदल अशा कठीण जागी तगणाऱ्या नव्या जाती निर्माण झाल्या आहेत, त्यामुळे संकर म्हणजे हानीच, असे धरून चालू नये. पालकांपैकी एक जात दुर्मीळ असेल, तर मात्र तिचे शुद्ध बी संकरपट्ट्यापासून, म्हणजे दोन्ही जाती एकत्र येऊन संकर होणाऱ्या भागापासून, दूरच्या झाडांवरून आधीच गोळा करून ठेवावे.