गाडीच्या रंगावरचे स्वर्ल मार्क्स: काढायचे कसे, टाळायचे कसे

काळी किंवा गडद निळी गाडी दुपारच्या उन्हात उभी करा आणि बोनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं तिथे नीट बघा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतील. हेच स्वर्ल मार्क्स. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, फक्त डोळ्यांत भरत नाहीत.

खरं तर ते गोल नसतातच. ओरखडे सगळ्या दिशांना कसेही पडलेले असतात. त्यातले उजेडाला आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून प्रत्येक दिव्याभोवती कडं तयार झालेलं दिसतं. त्यामुळे ‘गोल फिरवून पुसू नका, सरळ पुसा’ हा सल्ला अर्धाच कामाचा. हात कसा फिरतो यापेक्षा फडक्याखाली काय आहे हे महत्त्वाचं.

आणि फडक्याखाली काय असतं, ते कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सात वाजता दिसतं. एक बादली, एक फडकं आणि ओळीने दहा-बारा गाड्या. चौथ्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं. एका गाडीचा चिखल पुसलेलं फडकं त्याच पाण्यात बुचकळून दुसरीच्या बोनेटवर येतं. पाण्यात तरंगणारी वाळू रंगावर घासली जाते. हे रोज, वर्षभर. वर आपण स्वतः ऑफिसला निघताना कोरड्या झटकणीने धूळ उडवतो, ते वेगळंच.

रंगाच्या सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. स्वर्ल मार्क्स याच थरात असतात. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे, त्याच्या आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणं. म्हणजे दर वेळी थोडा क्लिअर कोट कायमचा जातो. म्हणून आधी धुण्याची पद्धत बदला, मग पॉलिशला हात घाला. उलट क्रमाने केलंत तर दोन महिन्यांत गाडी पुन्हा तशीच आणि थर मात्र पातळ.

धुताना

गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या. फडकं लावण्याआधी नुसत्या पाण्याने वरून खाली धुऊन काढा. सुटी धूळ इथेच जायला हवी, सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. चाकं आधी, वेगळ्या ब्रशने आणि वेगळ्या बादलीने. ब्रेकची लोखंडी भुकटी तिथेच साचते.

मग दोन बादल्या: एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवा, एक पॅनेल धुवा, साध्या पाण्यात खळखळून पिळा, मगच पुन्हा शॅम्पूत घाला. टपापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. मोजा जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको, त्याने वॅक्स निघून जातं.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी गाडीवर सुकू देऊ नका, क्षारांचे पांढरे डाग बसतात. जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून पाणी टिपा, रगडू नका. हे टॉवेल घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत आणि त्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावायचा नाही.

रोज गाडी पुसणाऱ्या दादांचं काय? त्यांना काढायची गरज नाही. पैसे तेवढेच द्या आणि सांगा, “दादा, काचा आणि चाकं तेवढी करा, पत्र्याला हात लावू नका.” धुळकट गाडीने रंगाचं काही बिघडत नाही.

पॉलिश करताना

आधी नखाची परीक्षा. ओरखड्यावरून नख फिरवा. अडलं तर तो खोल आहे, पॉलिशने पूर्ण जाणार नाही, त्याच्या मागे लागू नका.

धुतलेल्या गाडीवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून हात फिरवा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, लागणार. क्लेचं वंगण भरपूर फवारून तो हलक्या हाताने फिरवा. मग रबरी पट्ट्या, प्लास्टिक आणि पॅनेलच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. कडेला रंग सर्वांत पातळ असतो.

पॉलिशचं मशीन ड्युअल अॅक्शनच घ्या, म्हणजे पॅड फिरता फिरता डोलतोही असं. पॅड नुसता गोल फिरवणारं रोटरी मशीन नवशिक्याच्या हातात क्षणात कडेचा रंग जाळतं. बोनेटवर दीड फुटाचा चौकोन आखा, मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग (सर्वांत सौम्य) पॉलिशचे तीन-चार थेंब घ्या. कमी वेगावर पसरवा, मग मशीनवरचा वेगाचा आकडा ४-५ वर नेऊन आडवं-उभं, सावकाश, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवत चार ते सहा फेऱ्या मारा. मशीनच्या बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिला चिकटतो त्या तबकडीच्या) कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसत नसेल तर पॅड नुसता थरथरतोय, दाब कमी करा.

पुसून घ्या आणि निम्म्याहून जास्त पाणी घातलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुन्हा पुसा. पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं, ते गेल्यावरच खरं दिसतं. आता मोबाइलचा टॉर्च मारा. जाळं गेलं असेल तर पॅड-पॉलिशची हीच जोडी संपूर्ण गाडीला. उरलं असेल तर एक पायरी कडक पॉलिश किंवा पॅड, पण जोर वाढवायचा नाही. बारीकसं उरलं तर राहू द्या.

गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणार असाल तर दोन गोष्टी विचारा: रंगाची जाडी मोजणार का, आणि शेवटी अल्कोहोलने पुसून दाखवणार का. गाडी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ताब्यात घेऊ नका. रोटरीने उठलेले होलोग्राम (उन्हात हलणारे चमकते पट्टे) आणि वॅक्सखाली लपवलेले ओरखडे दुसऱ्या दिवशी उन्हात दिसतात.

नंतर

वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच कृत्रिम संरक्षक थर) लावा. सिरॅमिक कोटिंगने पाणी आणि चिखल लवकर निसटतो, पण त्यावरही जाळं पडतंच. आणि पॉलिश न करता ते लावलं तर जुने ओरखडे खाली कोंडले जातात. ओरखड्यांना खरा अडसर पीपीएफचा, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मचा. ती रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म आहे, बऱ्याच फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने भरून येतात. महाग आहे, म्हणून बोनेट आणि पुढचा बंपर एवढंच केलं तरी चालतं.

धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने ते रात्रभर घासत राहतं. नवी गाडी घेताना शोरूमला आधीच सांगा की डिलिव्हरीपूर्वी धुऊ-पुसू नका, नाहीतर जाळं फुकट मिळतं. दसऱ्याला कुंकवाचं स्वस्तिक काचेवर काढा. झेंडूचा हार बोनेटवर लोळणार नाही असा बांधा आणि गाडी हायवेला काढण्याआधी सोडा. अक्षता नि हळद-कुंकू नुसत्या पाण्याच्या धारेने काढा, कोरड्या फडक्याने नाही.