पुस्तकाला कपाट एक, नोंदीला विषय अनेक

निपाणीच्या १९८१च्या तंबाखू आंदोलनावरची पुस्तिका वाचनालयात आली, तर ती ठेवायची कुठे? पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत तंबाखूचं पीक ६३३.७१ला, शेतीचं अर्थकारण ३३८.१ला, कर्नाटकचा इतिहास ९५४.८७ला. पुस्तिका एकच, त्यामुळे कपाटही एकच. कुठेही ठेवली तरी बाकीच्या दोन कपाटांशी शोधणाऱ्याला ती सापडत नाही. संगणकावरच्या नोंदीला ही अडचण नाही. म्हणून वर्गांक, म्हणजे हा विषयाचा आकडा, फक्त जागा सांगण्यापुरता ठेवा आणि विषय नोंदीत लिहा.

सुरुवातीला साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने असे: दाखल क्रमांक (पुस्तक आल्यावर त्याला दिलेला स्वतःचा आकडा), शीर्षक, लेखक, प्रकाशनवर्ष, भाषा, वर्गांक, विषय, ठिकाण, स्कॅन फाईल. पुस्तक हरवलं तरी त्याचा दाखल क्रमांक दुसऱ्याला देऊ नका. विषयाच्या रकान्यात तीन ते पाच शब्द लिहा, मध्ये अर्धविराम द्या: तंबाखू; शेतकरी आंदोलन; शेतमालाचे भाव. स्वल्पविराम टाळा, नाहीतर सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे करणारी साधी) फाईल करताना रकाने सरकण्याची भीती असते.

खरी मेहनत आहे ती शब्द ठरवण्यात. विषय कितीही जोडता येतात म्हणून एकजण ‘ऊस’ लिहितो, दुसरा ‘ऊसशेती’, आणि निम्मी पुस्तकं शोधात येतच नाहीत. मान्य शब्दांची वेगळी शीट करा आणि प्रत्येकापुढे त्याची पर्यायी रूपं लिहा. आपल्याकडे गावांच्या नावांना हे फार लागतं. बेळगाव, बेळगांव, आणि १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी कागदावर बेळगावी. शीर्षक छापलंय तसंच उतरवा, त्यातलं नाव सुधारू नका. ठिकाणाच्या रकान्यात मात्र ठरलेलं एकच रूप.

जिल्ह्याच्या हद्दीचंही भान ठेवा. १९५६पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि चंदगड तालुका त्याच जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत चंदगड कोल्हापूरकडे गेला. त्यामुळे १९५०च्या जिल्हा अहवालाला ठिकाण म्हणून नुसतं ‘बेळगाव’ लावलं, तर चंदगडचा अभ्यासक त्याला मुकतो. दोन्ही नावं लावा.

शोध फसतो तो न दिसणाऱ्या चुकांनीही. ‘ॲड.’ मधला ॲ एका कळफलकावर एकच अक्षर असतो, दुसऱ्यावर अ आणि वरची चंद्रखूण अशी दोन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. ‘ऱ्या’चंही हेच होतं. देवनागरी आणि इंग्रजी आकडे डोळ्यांना वेगळे दिसतात, पण शोधात तेही एकमेकांशी जुळत नाहीत. एक रूप ठरवा आणि महिन्यातून एकदा ‘शोधा-बदला’ चालवून सगळं सारखं करा. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या याद्या आधी रूपांतरित करून घ्या; त्याशिवाय त्या शोधात येत नाहीत.

वर्तमानपत्रांची कात्रणं ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, मूळ प्रत टिफ या चित्र-फाईलच्या प्रकारात ठेवा आणि वाचकांना पीडीएफ द्या. फाईलला दाखल क्रमांकाचंच नाव द्या. विषयवार फोल्डर मुळीच करू नका. ती पुन्हा कपाटंच होतात: एकाच कात्रणाच्या तीन प्रती तीन फोल्डरांत जातात आणि दुरुस्ती एकीतच होते.

पन्नासेक नोंदी झाल्या की नेहमीच्या वाचकांना शोधायला बसवा. काहीच हाती न लागलेला त्यांचा प्रत्येक शब्द लिहून घ्या आणि त्याच दिवशी पर्यायी रूपांत टाका.