डेस्कटॉप स्पीकर अन् सबवूफर घरी बनवताय? मग या चुका टाळा

टेबलावर दोन छोटे स्पीकर आणि खाली एक वेगळा सबवूफर, असा सेट घरी बनवायचा नाद आता परभणी, नांदेड, लातूर, बीड सगळीकडं पसरलाय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. टीपीए ३११६ या चिपचा अँप्लिफायर (अँप) बोर्ड घरपोच येतो, ड्रायव्हर, म्हणजे कोन आणि मॅग्नेटवाला नुसता स्पीकर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्यातून मागवता येतात, प्लाय गावातच मिळतो. पण माझ्याकडं "जरा बघा ना काय झालंय" म्हणून जे डबे येतात त्यात चुका त्याच त्या, वर्षानुवर्षं त्याच. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

वॅटपासून सुरुवात करणं

पहिला प्रश्न कायम हाच, "किती वॅटचा बोर्ड घेऊ?" अरे बाबा, वॅट हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, डबा किती लिटरचा? सबवूफरचा आवाज निम्म्याहून जास्त डबा ठरवतो आणि डबा किती मोठा हवा हे तुमचा ड्रायव्हर ठरवतो. त्यासाठी ड्रायव्हरचे थील-स्मॉल पॅरामीटर, म्हणजे त्याच्या स्वभावाचे मोजलेले आकडे, लागतात. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली हे गणित मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी ७० च्या दशकात ते पूर्ण केलं, त्यामुळं तेव्हापासून अंदाजानं डबा बनवायची कुणालाच गरज राहिलेली नाही. तरी लोक "मित्राचा बघितला, तेवढाच केला" म्हणतात.

एक उदाहरण देतो. ड्रायव्हरचा एफएस (मोकळा असताना तो ज्या फ्रिक्वेन्सीला आपोआप जास्त हलतो ती, म्हणजे रेझोनन्स) ३५ हर्ट्झ, क्यूटीएस (हललेला कोन किती लवकर आवरतो त्याचा आकडा) ०.४ आणि व्हीएएस (त्याच्या सस्पेन्शनइतकी लवचिक हवा किती) २० लिटर आहे समजा. बंद डब्यात क्यूटीसी (डब्यात बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.७ हवा असेल तर डबा येतो साधारण साडेनऊ लिटरचा आणि त्यातला रेझोनन्स ६२ हर्ट्झच्या आसपास. विनआयएसडी हे डब्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हे आकडे टाकले की दोन मिनिटांत ग्राफ समोर. ज्या ड्रायव्हरचे हे आकडेच मिळत नाहीत, नुसतं '३०० वॅट' छापलंय, तो मी स्वतः घेत नाही. घेतलाच असेल तर १०० ओहमचा रेझिस्टर आणि साउंड कार्ड वापरून आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पीडन्स (फ्रिक्वेन्सीप्रमाणं बदलणारा ओहमचा आकडा) मोजा, एक संध्याकाळ जाईल पण आकडे हातात येतील.

बाहेरचं माप आणि आतलं माप

यावर मी जास्त बोलणार आहे कारण चांगले चांगले शिकलेले लोक इथंच फसतात.

आमच्या गल्लीतला एक पोरगा, इंजिनिअरिंगला. साडेसहा इंची सबवूफर, गणित एकदम बरोबर केलेलं, २७ लिटरचा पोर्टवाला (हवेसाठी पाइप बसवलेला) डबा, ३८ हर्ट्झला ट्यूनिंग (पाइपातली हवा ज्या फ्रिक्वेन्सीला जोरात हलते ती), ५ सेंटिमीटर व्यासाचा साडेअकरा सेंटिमीटर लांब पाइप. कागद मी बघितला होता, कागदात चूक नव्हती. मग तो सुतारमिस्त्रीकडं गेला आणि म्हणाला, ३० बाय ३० बाय ३० चा डबा करून द्या. मिस्त्रीनं सहा सुताचा प्लाय घेतला आणि ३० चा डबा करून दिला, बाहेरून ३०, कारण मिस्त्री आयुष्यभर कपाटं करतो आणि कपाटाचं माप बाहेरूनच सांगतात. त्याची काहीच चूक नाही.

आता हिशोब करा. सहा सूत म्हणजे जवळपास १८ मिलिमीटर, दोन्ही बाजूंचे मिळून ३६. आतलं माप राहिलं २६.४ सेंटिमीटर. २७ लिटरचे झाले १८.४, त्यातून ड्रायव्हरचं मॅग्नेट, पाइप आणि आतल्या आधारपट्ट्या वजा केल्या की हातात १७. पाइप मात्र २७ लिटरच्या हिशोबाचाच. ट्यूनिंग ३८ वरून सरकून थेट ४८ हर्ट्झवर गेलं.

पोरगा आला, "काका, बास नुसता घुमायलाय." ऐकलं तर तबल्याचा डग्गा असो, पखवाज असो नाहीतर बास गिटार, सगळ्याला एकच बुम. मी म्हणलं ड्रायव्हर काढून आतून टेप लाव, आधी माप बघू. पण त्याला तेवढा दम कुठला, दुसऱ्या दिवशी रूमवर मित्र येणार होते. त्यानं कुठंतरी वाचलं की खालचा बास कमी असला तर इक्वलायझरनं वाढवायचा, म्हणून ३० हर्ट्झची पट्टी पार वर नेली. १० डेसिबल वाढवणं म्हणजे अँपकडून दहापट पॉवर मागणं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्यातून पोर्टच्या डब्यात ट्यूनिंगच्या खाली गेलं की हवेचा आधार सुटतो, कोनला धरायला काहीच नसतं, तो मोकाट हलतो. त्याचं ट्यूनिंग ४८ आणि हा मारतोय ३०. आधी टक टक आवाज यायला लागला, म्हणजे कॉइल मागं प्लेटवर आपटत होती, मित्रांना वाटलं बीट भारी आहे. मग जळका वास. कॉइलचं इनॅमल करपून काळं झालेलं, ती ज्यावर गुंडाळलेली असते तो फॉर्मर वाकडा, नवाकोरा ड्रायव्हर गेला.

नवीन ड्रायव्हर आल्यावर आम्ही डबा फेकला नाही. गेलेले लिटर परत येत नाहीत पण १७ लिटरला ३८ हर्ट्झ हवं असेल तर त्याच व्यासाचा पाइप २० सेंटिमीटरचा लागतो, तेवढा टाकला, मागच्या भिंतीपासून ६ सेंटिमीटर मोकळी जागाही राहिली. बोर्डाच्या आधी हाय पास फिल्टर टाकला म्हणजे ३० च्या खालचं फारसं काही आत जात नाही. डग्गा डग्ग्यासारखा वाजायला लागला.

म्हणून माझी सवय सांगतो. मिस्त्रीला मी आकडा तोंडी सांगतच नाही. प्रत्येक फळीचं माप वेगळं लिहून देतो, वर मोठ्या अक्षरात 'आतून' असं लिहितो आणि खिळे मारायच्या आधी फळ्या नुसत्या उभ्या करून स्वतः टेप लावतो. मिस्त्रीला राग आला तर चहा पाजा, पण टेप लावा.

हेच पाइपचं. शेतीच्या पीव्हीसी पाइपवर ६३ एमएम लिहिलेलं असतं ते बाहेरचं माप, आतून तो लहान भरतो आणि किती लहान ते जाडीवर ठरतं, त्यामुळं दुकानातच आतून मोजा आणि तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये टाका. 'मोठा पाइप म्हणजे मोठा बास' हेही डोक्यातून काढा. २० लिटरला ४० हर्ट्झ करायला ५ सेंटिमीटरचा पाइप १५ सेंटिमीटर लागतो, साडेसात सेंटिमीटरचा घेतला तर ३६ सेंटिमीटर, तो डब्यात मावतच नाही. आणि फारच बारीक घेतला तर हवा फुसफुसते.

मला विचाराल तर पहिला सबवूफर बंद डब्याचाच करा. वरच्या उदाहरणातला साडेनऊ लिटरचा डबा चुकून साडेसात झाला तरी क्यूटीसी ०.७ चा ०.७७ होतो, कानाला फारसा फरक कळत नाही. पोर्टचा डबा एवढी चूक पोटात घालत नाही. पण पहिल्याच फटक्यात दणका हवा असणाऱ्यांना हे सांगून पटत नाही आणि मग ड्रायव्हर जळतात.

हमिंग येतंय म्हणून अर्थिंगची पिन तोडणं

हे करू नका. कुणी व्हिडिओत दाखवलं असेल, कुणी दुकानदारानं सांगितलं असेल, तरी करू नका. अर्थिंग तुमच्या जिवासाठी आहे, आवाजासाठी नाही.

हमिंग आलं की मी आधी लॅपटॉपचा चार्जर काढतो. आवाज गेला तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे लॅपटॉप आणि अँप दोन वाटांनी ग्राउंडला जोडले गेल्यामुळं आलेला आवाज, बोर्ड खराब नाही. मग लॅपटॉप आणि अँप दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, बऱ्याच वेळा एवढ्यानंच निम्मं काम होतं. तरी राहिलं तर मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, केबलसारखा छोटासा असतो. ब्लूटूथचा बोर्ड आणि अँप एकाच सप्लायवर चालवलात आणि गाणं थांबलं की किंऽऽ ऐकू येतंय तर ब्लूटूथला बी०५०५एस सारखा आयसोलेटेड कन्व्हर्टर द्या, ती किणकिण जाते.

पण खरी अडचण आपल्या घरांत वेगळीच आहे. जुन्या घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं आणि मागं वायरच नसते. लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, लोक त्याला 'थोडा करंट आहे' म्हणून सोडून देतात. वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासा. आणि खड्ड्याचं अर्थिंग असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी टाका, एप्रिल-मे मध्ये आपली जमीन अशी वाळते की अर्थिंग नावालाच उरतं. एका घरात मी हमिंगसाठी गेलो होतो, स्पीकर ठीकच होते, फ्रिजच्या बॉडीला टेस्टर लावला की तो उजळत होता. तिथं आधी स्पीकर बंद करून वायरमनला फोन लावला.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच गुरगुर येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा. त्याला स्पीकरमध्ये काही करता येत नाही.

अँपचे निगेटिव्ह एकत्र जोडणं

टीपीए ३११६ सारख्या बोर्डांचं आउटपुट ब्रिज असतं, म्हणजे निगेटिव्ह टर्मिनल हे ग्राउंड नसतंच. दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र करून तीन वायरींत काम भागवायचं किंवा त्या डब्याच्या ग्राउंडला जोडायच्या, असं केलं की बोर्ड प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, नशीब वाईट असेल तर उडतो. चार वायरी म्हणजे चार वायरी. तसंच सबसाठी लेफ्ट-राइट सिग्नल सरळ एकमेकांना जोडून मोनो करू नका, दोन्हीकडून एकेक ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडा.

बारीकसारीक

बोर्डवर २ × ५० वॅट छापलंय ते २१ व्होल्ट आणि ४ ओहमला, तुमच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर ८ ओहमला ९ वॅट मिळतात, आणि टेबलासाठी तेवढे पुरतातही.

पीएमपीओ म्हणून छापलेला वॅटचा फुगवलेला आकडा वाचूच नका.

४ ओहमचे दोन ड्रायव्हर पॅरलल केले की २ ओहम होतात, बोर्डाला ते झेपत नाही.

दोन मीटर वायरला ०.७५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. महागड्या केबलचे पैसे ड्रायव्हरमध्ये घाला.

एमडीएफ वापरलात तर कापलेल्या कडांना पातळ फेविकॉलचे दोन हात मारून वाळवा आणि मगच प्रायमर, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगतात. कापताना तोंडाला मास्क.

अँप सबच्याच डब्यात कोंबू नका. आपल्याकडं मे महिन्यात खोलीतच ४० असतं, त्यात बंद डबा, त्यात थरथर. वेगळा कप्पा करा, मागून हवा लागू द्या.

ड्रायव्हरच्या खाली मी सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग कापून लावतो, दुकानातल्या गॅसकेटपेक्षा घट्ट बसते. आणि गळती बघायला २५-३० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावून उदबत्ती सगळ्या सांध्यांवरून फिरवतो. जिथं धूर थरथरतो तिथं सिलिकॉन भरा.

छोट्या स्पीकरला सगळा बास देणं आणि सब कोपऱ्यात ढकलणं

सबवूफर वेगळा केला, पण वरच्या ३ इंची ड्रायव्हरला अजूनही ४०-५० हर्ट्झ जातंच आहे, तर सब लावून उपयोग काय? तो बिचारा कोन त्यातच हलत बसतो आणि गाणाऱ्याचा आवाज चिरकतो. लोक स्पीकरच्या वायरीत एक मोठा कपॅसिटर टाकतात, ते नीट चालत नाही कारण ड्रायव्हरचा इम्पीडन्स रेझोनन्सजवळ बराच वर जातो आणि कपॅसिटरचं सगळं गणित चुकतं. हे काम अँपच्या आधी करा. इनपुटचा रेझिस्टन्स १० किलोओहम असेल तर सिरीजमध्ये ०.१ मायक्रोफॅरॅडचा छोटा कपॅसिटर टाकला की १६० हर्ट्झच्या खालचं कमी व्हायला लागतं. दोन रुपयांची वस्तू आहे, पण आवाज एकदम मोकळा होतो.

आता घरच्या थिएटरचा ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (ज्या फ्रिक्वेन्सीच्या खालचं सब वाजवतो आणि वरचं छोटे स्पीकर) इथं चालत नाही, ३ इंची ड्रायव्हरला १२० ते १५० लागतो. आणि एवढ्या वर गेलं की बास कुठून येतोय ते कानाला कळायला लागतं. म्हणून सब टेबलाखाली, दोन्ही स्पीकरच्या मधोमध, तुमच्याजवळ. खोलीच्या कोपऱ्यात ढकलून वर आवाज वाढवलात तर गाणं समोर आणि बास मागं असा प्रकार होतो, त्यात आपल्या शाहबादी फरशीच्या, मोकळ्या भिंतींच्या खोल्या आणखी घुमतात. वरचे स्पीकर थोडे मागं कलवून कानाकडं तोंड करून ठेवा, टेबलावरून उलटून येणारा आवाज त्यानं कमी त्रास देतो.

शेवटी सबची पोलॅरिटी, म्हणजे त्याच्या प्लस-मायनस वायरी सुलट्या की उलट्या. क्रॉसओव्हर १५० ला असेल तर १५० चाच टोन लावा, नेहमीच्या खुर्चीत बसा, दुसऱ्या कुणाला तरी सबच्या दोन वायरी उलटसुलट करायला सांगा आणि दर वेळी वायर काढायच्या आधी अँप बंद करा. ज्या जोडणीत टोन मोठा ऐकू येतो ती ठेवा. फोनमधलं आवाज मोजायचं ॲप समोर ठेवलं तर वाद उरत नाही. सब हलवला, टेबल सरकवलं, की हे परत करा.