पेशी-उपचाराच्या ट्रायलसाठी मुंबई गाठण्याआधी

दादाच्या तळपायाचा मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) फुप्फुसात पोचला, तेव्हा इथे इंदुरातच एका दवाखान्यात 'इम्यून सेल'च्या इंजेक्शनांचे अडीच लाख सांगितले. रामबागेतल्या घरी त्या रात्री वहिनी पाटल्या काढून बसली होती. मी दुसऱ्या दिवशी जाऊन एवढंच विचारलं, ट्रायलचा, म्हणजे नव्या उपचाराच्या माणसांवरच्या चाचणीचा, नोंदणी क्रमांक काय? उत्तर मिळालं नाही. पाटल्या वाचल्या. तुम्हीही सुरुवात इथूनच करा.

भारतातली क्लिनिकल ट्रायल सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या सरकारी नोंदणीत असावीच लागते. 2009 पासून ते सक्तीचं आहे. मोबाइलवर फुकट उघडते. बायोप्सी रिपोर्टवर आजाराचं नाव जसं छापलंय, तसंच टाका. भरती चालू आहे का ते आधी पाहा, मग 'एक्सक्लूजन'चा, म्हणजे कोणाला घेत नाहीत त्याचा रकाना. आपण 'इन्क्लूजन', म्हणजे कोणाला घेतात ते, वाचून हरखतो आणि नकार बहुतेकदा दुसऱ्या रकान्यातून येतो: मेंदूत पसरलेला आजार, चालू स्टिरॉइड, किडनीचे आकडे.

'मुंबईत कार-टी मिळते ना?' असं सगळेच विचारतात. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला लावून परत देणं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार19 या कार-टी उपचाराला 2023 मध्ये परवानगी मिळाली, पण ती बी-पेशींच्या (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) रक्ताच्या कॅन्सरसाठी. मेलानोमासारख्या गाठीच्या कॅन्सरमध्ये गोष्ट वेगळी: गाठीत टी-पेशींना आधी शिरावं लागतं, आत त्या थकतात, आणि ज्या प्रथिनावरून गाठ ओळखायची ते निरोगी अवयवांवरही असू शकतं. अमेरिकेत 2024 मध्ये मेलानोमासाठी मंजूर झालेल्या लिफिल्युसेलमध्ये रुग्णाच्या गाठीतूनच टी-पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवतात. ज्या 73 रुग्णांवरून मंजुरी मिळाली, त्यांच्यातल्या 31.5 टक्क्यांच्या गाठी ठळकपणे आकसल्या. घरातल्या सगळ्यांसमोर हा आकडा वाचा, आणि उरलेल्यांचाही.

आता बायोप्सीचा ब्लॉक, तोही सोबत न्यायचा. लोक फाइल आणि स्लाइड घेऊन निघतात, ब्लॉक राहतो पॅथॉलॉजीत. काडेपेटीपेक्षा लहान, प्लॅस्टिकच्या जाळीवर बसवलेला मेणाचा तुकडा, आत आपल्या माणसाची गाठ. लेखी अर्ज द्या, पावती घ्या, जाळीवरचा नंबर रिपोर्टशी ताडून पाहा. आम्ही मे महिन्यात अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला निघालो होतो. उन्हातल्या गाडीत मेण मऊ पडतं, म्हणून कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातला आणि डबा पूर्णवेळ माझ्या मांडीवर ठेवला.

डॉक्टरांना विचारा: ट्रायलची फेज, म्हणजे टप्पा, कोणती? पहिल्या फेजमध्ये मुख्यतः डोस आणि धोका तपासतात. पेशी तयार होईपर्यंतचे काही आठवडे आजार कसा आवरणार? मुंबईत किती दिवस राहावं लागेल, खोलीचं भाडं कोण देणार? ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, हे 2019च्या नियमांत आहे. संमतीपत्रात ती ओळ बोट ठेवून शोधा. संमतीपत्र मराठीत किंवा हिंदीत मागा, घरी आणा.

दादाने स्वतः एकच विचारलं, 'मी मध्येच नको म्हटलं तर?' सोडायचा हक्क कधीही असतो. पण पेशी देण्याआधीची केमो झाली की पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात, त्यामुळे 'नको' म्हणायचं असेल तर ते त्या केमोच्या आधी.