फोन रूट करायचा की नाही, हे कसे ठरवावे

रूट करणे म्हणजे फोनच्या सिस्टिमवर, कंपनी देत नाही ते सर्वाधिकार मिळवणे. ते कशासाठी हवे आहे ते आधी एका वाक्यात लिहून काढा. ‘फोनवर पूर्ण ताबा हवा’ हे कारण नव्हे. कंपनीने भरलेली नकोशी ॲप्स काढायची आहेत? संगणकाला केबल लावून एडीबीने (संगणकावरून फोनला आदेश देणाऱ्या गूगलच्या साधनाने) ती काढता येतात. जाहिराती नकोत? अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला की बऱ्याच जाहिराती अडतात. अपडेट बंद झालेल्या फोनवर लिनेजओएस (अँड्रॉइडची स्वयंसेवकांनी बनवलेली आवृत्ती) टाकायची असेल तर फक्त बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्राम, उघडावा लागतो, रूट वेगळे. एवढे वजा करूनही कारण उरत असेल, म्हणजे ॲपच्या आतल्या डेटासकट पूर्ण बॅकअप किंवा थेट सिस्टिम फाइलींत बदल, तरच पुढे वाचा.

रूटसाठीही सहसा आधी बूटलोडरच उघडावा लागतो, म्हणून तुमच्या मॉडेलचा तो उघडतो का, ते बघा. कंपनी एकच असली तरी मॉडेलनुसार उत्तर बदलते. उघडताना फोनमधले सगळे पुसले जाते.

आता पैशांचे. मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते इथेच, आणि इंटरनेटवरचे सल्ले सर्वांत वाईट आहेत तेही इथेच. बँकेची आणि यूपीआयची अनेक ॲप्स फोन विश्वासार्ह आहे का, ते प्ले इंटिग्रिटी या गूगलच्या तपासणी सेवेकडून तपासून घेतात. बूटलोडर उघडा असल्याची नोंद फोनच्या हार्डवेअरकडूनच जाते. म्हणजे रूट न करता नुसते कुलूप उघडले तरी ॲप अडू शकते. ‘मॅजिस्कमध्ये (रूट करण्याच्या साधनात) अमुक मॉड्यूल, म्हणजे जोड-प्रोग्राम, टाका, सगळे चालते’ असे सांगणाऱ्यांवर विसंबू नका. कडक तपासणी चुकवणारी मॉड्यूल्स बहुधा कुठून तरी फुटलेल्या प्रमाणपत्रांवर चालतात. गूगल ती रद्द करते आणि आदल्या दिवशी चालणारे ॲप किराणा दुकानाच्या काउंटरवर बंद पडते. पैशांचा व्यवहार अशा आधारावर ठेवू नये, हे माझे ठाम मत आहे.

म्हणून आधी रंगीत तालीम करा. यूपीआय नोंदणीच्या वेळी बँकेत दिलेल्या नंबरच्या सिमवरून एसएमएस पाठवून फोनची ओळख पटवते. तेव्हा ते सिम दुसऱ्या, हात न लावलेल्या फोनमध्ये घाला, यूपीआय तिथे नोंदवा आणि मुख्य फोनवरची पैशांची सगळी ॲप्स काढून टाका. आठवडाभर असेच राहा: भाजी, रिक्षा, वीजबिल, ओटीपी, सगळे त्या दुसऱ्या फोनवर. जाच वाटला तर रूट करू नका. दुसरा फोनच नसेल तर विचारही करू नका. एकुलता एक फोन, त्यावरच बँक आणि तोच रूट, ही जोडी मी कुणालाही सुचवत नाही.

परतीचा रस्ताही आधीच तपासा. सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज अनधिकृत सॉफ्टवेअरमुळे एकदा उडाला की परत जुळत नाही. मूळ सॉफ्टवेअर टाकले तरी सिक्युअर फोल्डर (फोनमधला कुलूपबंद खासगी कप्पा) गेलेलाच राहतो. काही फोनवर वाइडवाइन (व्हिडिओची नक्कल रोखणारी यंत्रणा) एल१ या वरच्या पातळीवरून एल३ वर घसरते आणि नेटफ्लिक्स एचडी दाखवत नाही. मूळ फर्मवेअर (कंपनीचे सिस्टिम सॉफ्टवेअर) नेमक्या तुमच्याच मॉडेलचे मिळत असेल तर ते आधी उतरवून ठेवा, मिळत नसेल तर इथेच थांबा. आणि बदललेले सॉफ्टवेअर आत असताना बूटलोडर कधीही परत लॉक करू नका. फोन सुरूच होईनासा होतो, आणि मग अनेकदा सर्व्हिस सेंटरखेरीज इलाज उरत नाही.

एवढ्यानंतरही होकार असेल तर उरलेले काम थोडे आहे. मॅजिस्क त्याच्या अधिकृत गिटहब पानावरूनच घ्या. मॅजिस्कने पॅच करायची, म्हणजे बदलून घ्यायची, बूट इमेज (फोन सुरू करणारी सिस्टिमची फाइल) फोनच्या सध्याच्या बिल्ड नंबरचीच असावी. अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या किंवा त्यानंतरच्या अनेक फोनमध्ये बूटऐवजी इनिट-बूट नावाची इमेज लागते. यापुढे प्रत्येक सिस्टिम अपडेटच्या वेळी हे पुन्हा करायचे आहे. तेवढा वेळ द्यायची तयारी आहे का, तेही आजच ठरवा.